क्रीडामहोत्सवाच्या कचऱ्याचे माझे नियोजन

सोमवार, ता. ३. सकाळी ७.
लिहिणार: सर्व लोक ज्यास मुकादम म्हणतात तो मी. वय वर्षे एकाहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी, उत्तीर्ण. सफाई खात्यातून सेवानिवृत्त. एकतीस वर्षांत एकही मेमो नाही. एक आला होता. तो अन्यायाचा असल्याने धरलेला नाही.

शुक्रवारपासून मोठ्या मैदानावर तीन दिवस क्रीडामहोत्सव. रोज वीस हजार प्रेक्षक. सफाई आमच्या सूनबाई व त्यांच्या अकरा बायकांकडे. समितीची अट अशी की, कचरा वेगवेगळा जमवावा व त्यातला निम्मा तरी पुन्हा वापरात जावा. जमल्यास मैदानाचे काम कायम. न जमल्यास बाहेरची कंपनी येणार, आणि बाराही जणी घरी. नियोजन मजवर सोपवावे, असे मी सुचविले. सूनबाई म्हणाल्या की, मामंजी, तुम्ही घरी बसून आशीर्वाद दिलात तरी पुष्कळ झाले. हा त्यांचा विनय.

मंगळवार, ता. ४.
नियोजन मिळाले. चार वेळा मागितले. एकशे वीस डबे: हिरवे, निळे, पिवळे. सर्व पूर्वेच्या भिंतीलगत, दोरी धरून एका रेषेत. सूनबाईंनी विचारले की, खाण्याचे स्टॉल पश्चिमेला, मग लोक उष्टे टाकायला रिक्षा करून येणार का? चालल्याने अन्न पचते.

बुधवार, ता. ५.
फलकाचा मजकूर स्वतः तयार केला. आरंभ: ‘समस्त प्रेक्षकवर्गास नम्र परंतु निक्षून सूचना.’ एकूण नऊ ओळी. पेंटर म्हणाला की, आजोबा, हे वाचून होईपर्यंत बक्षीस समारंभ उरकेल. पेंटर दहावी नापास असल्याचे चौकशीअंती समजले.
संकल्प: महोत्सवात कोणावरही ओरडणार नाही.

शुक्रवार, ता. ७. दुपारी १.
डबे पाहिले. आत चिटोरासुद्धा नाही. उत्कृष्ट आरंभ.

दुपारी ४.
डब्यांत काही नाही, कारण सर्व काही मैदानावर आहे. एका गृहस्थाने निळ्या डब्यात उष्टा भात टाकला. त्यास फलक वाचण्यास सांगितले. त्याने विचारले की, काका, डबा तुम्हाला हुंड्यात मिळाला का? ओरडलो.

शनिवार, ता. ८.
सूनबाईंनी मला न विचारता डबे स्टॉलपाशी हलविले. रेषा मोडली. दहा-दहा डब्यांपाशी एकेक बाई उभी केली. ती हाताने दाखवते, बाटली इकडे, उष्टे तिकडे. लोक निमूट ऐकतात. डबे भरभरून वाहत आहेत. माझ्या नियोजनास अखेर फळ आले.

रविवार, ता. ९. सकाळी ९.
दोन दिवसांचा कचरा मागच्या शेडमध्ये. बायकांनी पहाटेपासून हाताने निवडला. सूनबाईंचे बोट काचेने कापले; चिंधी बांधून काम चालूच. चार वाजता समितीची तपासणी. त्या म्हणाल्या की, मामंजी, शेडपाशी खुर्ची टाकून बसा, पण तुमच्या पाया पडते, कशाला हात लावू नका. अर्थात शेडचा ताबा मजकडे.

दुपारी ३.
शेडमध्ये डोकावलो. ढीगच ढीग. माशा. एका तासात तपासणी! सूनबाई मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. एकतीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो आहे: साहेबांच्या दृष्टीस कचरा पडला की नोकरी गेली. कचरा डेपोची गाडी फाटकाशी उभी होती. बोलावली. चालकाने विचारले की, मुकादम, हे निवडून ठेवलेले दिसते, एकत्र कोंबू का? मी म्हणालो की, अक्कल पाजळू नकोस, भर.

दुपारी ३.५०.
शेड धुऊन घेतली. आरशासारखी. बारा जणींची पोटे वाचविली.

रात्री ८.
थोडक्यात लिहितो. तपासणीच्या बाई वजनकाटा घेऊन आल्या. माल कुठे आहे, असे त्यांनी विचारले. नावालाही शिल्लक ठेवलेला नाही, असे मी अभिमानाने सांगितले. तेवढ्यात सूनबाई आल्या. ओल्या फरशीकडे पाहिले आणि मटकन खाली बसल्या.

रिक्षाने डेपो गाठला. गाडी रिकामी झाली होती. सूनबाई ढिगात कोपरापर्यंत हात घालून शोधत होत्या. मीही घातले. कागद, भात, बाटल्या, सारे एकजीव. चालकही उतरला. सतरा बाटल्या निघाल्या. त्याच गाडीतून परत आलो. तपासणीच्या बाई थांबल्या होत्या. काट्यावर चारशे ग्रॅमही भरले नाहीत.

त्यांनी कागद पुढे घेऊन विचारले की, गाडी भरायला कोणी सांगितले, नाव लिहावे लागेल. चालकाने माझ्याकडे पाहिले. सूनबाई म्हणाल्या की, मीच सांगितले, लिहा. बाईंनी लिहिले.

हे असत्य आहे. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. कान शाबूत आहेत. बोललो नाही.

त्या वेळी हजर: तपासणीच्या बाई; गाडीचा चालक; अकरा बायका, पैकी एक रडत असलेली; सूनबाई; आणि मी.