गल्लीतली वायर

मंगळवार, दिवेलागणीनंतर

नेटची वायर आज जोडली आन् तासाभरात तुटली. गुरांच्या कुटाराची, भुशाची उंच भरलेली ट्रॉली गल्लीतून येताना वायर ओढून घेऊन आली. ट्रॉली कोणाची? आमचीच! चालवणारे बाबाच!

वायरवाला फोनवर म्हणाला, "ताई, गच्चीवर उंच खांब लावा, मंगच येतो."

सोमवारपासून घरून काम सुरू झालं नाही, तर पुन्हा पुण्याची खोली. मले नाही जायचं! तुटकी वायर फाटकावर लोंबकळतेय, तिच्याकडेच नजर जाते.

आई उठली. माळ्यावरून गुढीचा बांबू काढला. एरवी त्याला कोणाला शिवू देत नाही.

"अन् पाडव्याले?" मी विचारलं.

"गुढी तिथंच उभारू. बांबू हालवाचा नाई, अन् तूबी हालाचं नाई."

उद्या उजाडताच बांधते.