बनुबाईचे एकसष्ट दिवस

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी सहा.
आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून आधीच उरकून लिहायला बसलो. आजपासून गप्प बसायचं नाही. मोबाइलवर एका वकिलाचा व्हिडिओ तीनदा पाहिला. घटनेचं कलम एकोणीस. बोलायचा हक्क. कामावर माणूस दारात चप्पल काढतो, हक्क काढून ठेवत नाही. (हे वाक्य माझं. चांगलं आहे.)
विषय गंधकाच्या धुरीचा. आमच्या तासगावच्या शेडमध्ये बेदाण्याला धुरी देतात आणि पलीकडेच बायका बेदाणा निवडत बसतात. दिवसभर खोकतात. बायका घरी गेल्यावर धुरी द्या, एवढंच मागणं. मी इथं बावीस वर्षं क्लार्क. मालक वीरधवलदादा माझ्या डोळ्यांदेखत मोठे झाले. मी बोललो तर ऐकणारच.

५ मार्च, बुधवार.
अर्ज लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. दादांच्या टेबलापर्यंत गेलो. ते फोनवर होते. फोन संपला तेव्हा मी हजेरीचं मस्टर दाखवायला आलोय असं म्हणालो. दादांनी अक्षराचं कौतुक केलं. अर्ज खिशात आहे.

१० मार्च, सोमवार.
अर्ज दिला नाही. दादांना पित्त झालंय. हक्क असला तरी माणुसकी हवी.
बनुबाईला मात्र सगळं समजावलं. अकरा वर्षं निवडायला येते, बायका तिचं ऐकतात. म्हणाली, आवं सायेब, बोलल्यावर कामावनं काढलं तर? पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय. म्हटलं, वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस पर्मनंट. शिवाय चार माणसांत बोललं की मालक काही करू शकत नाही. बेदाण्याच्या सौद्यात बोली लागली की बघ, साधा शेतकरी दादांना तोंडावर सांगतो, या भावाला न्हाई द्यायचा. दादा राग धरतात का? उलट चहा पाजतात. हे तिला लगेच पटलं.
मस्टरचं तिला बोललो नाही. वर्षात दोनेक महिने तिचं नाव, बाकीचे महिने आळीपाळीनं तिच्या जावेचं आणि नणंदेचं, असं लिहायची आमच्या ऑफिसची जुनी पद्धत. त्या दोघी कधी शेडवर आलेल्या नाहीत. येते रोज बनुबाईच. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मस्टर मीच लिहितो. उगाच तिला गोंधळात कशाला पाडा.

२० मार्च, गुरुवार.
सौद्याचा दिवस. ठरलं होतं की व्यापारी जमले की मी अर्ज वाचायचा आणि बनुबाईनं नुसतं मागं उभं राहायचं. ऐन वेळी वजनकाटा बरोबर वाटेना, म्हणून तपासायला आत गेलो. काटा बरोबर होता. बाहेर आलो तर बनुबाई बोलून मोकळी! म्हणे, दादा, आमी घरी गेल्याव धुरी द्या, छातीत लय जळतंय, आमी बी माणसंच हाय. व्यापारी हसले. दादाही हसले, तिला चहा दिला.
माझा प्लॅन सक्सेस. नाव कुणाचं का होईना, मार्गदर्शन माझं.

२१ मार्च, शुक्रवार.
दादांनी बोलावलं. म्हणाले, भरतेशकाका, बनुबाईला सोमवारपासनं येऊ नको म्हणून सांगा, चार व्यापाऱ्यांत आब्रू घालवली. मी कलम सांगायला तोंड उघडलं. नेमका ठसका लागला. दादांनी पाणी मागवलं. माणूस मनानं वाईट नाही.
बनुबाईला म्हटलं, थोडे दिवस ब्रेक आहे.

२४ मार्च, सोमवार.
बनुबाई तरीही डबा घेऊन आली. वॉचमननं आत सोडलं नाही. दुपारपर्यंत गेटवर उभी होती. मी मागच्या दारानं गेलो, स्कूटर तिकडे होती.
स्कूटर पुढेच होती. इथं कशाला खोटं लिहू. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

६ एप्रिल, रविवार. सांगली.
भाची प्रियदर्शनी वकील आहे. तिला सगळं विचारलं. म्हणाली, मामा, कलम एकोणीस सरकारपुढं चालतं, शेडच्या मालकापुढं नाही. आणि शेतकरी नाही म्हणू शकतो, कारण माल त्याचा असतो. मी खट्टू झालो. मग म्हणाली, दोनशे चाळीस दिवसांनी कुणी पर्मनंट होत नाही, पण तेवढे भरले असतील तर नोटिशीशिवाय, भरपाईशिवाय काढता येत नाही. शेतकऱ्यापाशी माल, तसे बाईपाशी तिचे भरलेले दिवस आहेत, तेवढे मस्टरवर दाखवा. मस्टर कोण लिहितं, असं तिनं विचारलं. मी चहाची तारीफ केली.

१० एप्रिल, गुरुवार. महावीर जयंती.
बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन नियम घेतला. महिनाभर एक शब्दही खोटा बोलायचा नाही.
बनुबाईनं कामगार ऑफिसात तक्रार दिली आहे. फॉर्म मीच भरून दिला. तारखेला उभा राहून सगळं खरं सांगणार. चंदनबाला म्हणाली, आणि मग आपलं काय? बायकोला कायद्यातलं कळत नाही. खरं बोलणाऱ्याला कुणी काढत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळ.
तारीख झाली. दादांनी मस्टर माझ्याच हातात दिलं. म्हणाले, तुमचं अक्षर, तुमीच दाखवा. बाकी काही म्हणाले नाहीत.
कामगार ऑफिसातल्या साहेबांनी पानं उलटली. बोट लावून मोजलं. म्हणाले, बाई, तुम्ही रोज येत होता म्हणता, इथं वर्षाचे एकसष्टच दिवस आहेत.
आत्ता बोलायचं, असं मनात आलं. कुणी अडवलं नव्हतं. बनुबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मस्टरकडं बघितलं.
मग तिनं विचारलं, ह्ये भरतेश सायबांनी लिवलंय का? साहेब म्हणाले, हो. ती म्हणाली, त्ये खोटं लिवायचं न्हाईत. मग सायेब, मी रोज डबा घिऊन कुटं जात हुते?
साहेबांनी मस्टर माझ्यापुढं सरकवलं. मला सही करायला सांगितली. केली. रेकॉर्ड नीटनेटकं ठेवलंय, असं साहेब म्हणाले.
नियम मोडलेला नाही. तिथं मी एक शब्दही बोललो नाही.
घरी आलो तर चंदनबालानं ताट वाढलेलं. म्हणाली, बसा, ऊन आहे अजून. खिडकीतून ताटावर ऊन पडलं होतं.
तिला सांगितलं, सूर्य मावळला.