अंगात यंत्र असणे आणि अंगात येणे

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
सुंदराबाई स्मारक सार्वजनिक रुग्णालय,
अमरावती.

विषय : छातीतील यंत्र न काढता छातीचा क्ष-किरण फोटो काढून मिळणेबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपले पत्र जा. क्र. ४१७, दिनांक २९ ऑगस्ट १९६९.

महोदय,

मी खाली सही करणार सूर्यभान जानराव खंडारे, वय ४८, चांदूर रेल्वे येथील तहसील कार्यालयात आवक-जावक कारकून आहे. एकोणीस वर्षे लोकांचे अर्ज घेऊन त्यांवर शिक्का मारला असल्याने अर्जात पाल्हाळ लावू नये, हे मला कळते. या वेळी तो थोडा लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

१. माझे हृदय आपणहून पुरेसे ठोके देत नाही. १९६७ च्या दिवाळीनंतर मी दोनदा बेशुद्ध पडलो, त्यांपैकी एकदा आवक नोंदवहीवरच. डिसेंबरात मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, तपकिरीच्या डबीएवढे एक यंत्र बसवले. त्यातून निघालेली तार हृदयापर्यंत गेली आहे व त्या जोरावर हृदय मिनिटाला सत्तर ठोके देते. इंग्रजीत यास पेसमेकर म्हणतात. त्यातील बॅटऱ्या दोन वर्षांच्या आतबाहेर संपतात, आणि संपत आल्या की ठोके उतरू लागतात. पासष्टाच्या खाली गेल्यास थांबू नये, असे मला बजावले आहे. छातीच्या फोटोत त्या बॅटऱ्या दिसतात व किती उरल्या ते मुंबईचे डॉक्टर फोटो पाहून सांगतात. फोटो पोचल्याखेरीज ते खाट देत नाहीत, कारण नवी यंत्रे परदेशातून येतात. सध्या यंत्रे दोन व वाट पाहणारे अकरा आहेत. क्ष-किरण फोटोने यंत्रास काही होत नाही, मात्र शरीरास विजेचा शेक अथवा झटका कदापि देऊ नये, असे त्यांनी लेखी दिले आहे.

२. दिनांक ४ ऑगस्ट रोजी मी आपल्या क्ष-किरण विभागात आलो. तेथे छापील कागदावर 'माझ्या अंगावर धातूची कोणतीही वस्तू नाही' असे लिहून द्यावे लागते. येथे चूक माझी झाली, ती कबूल करतो. कारभार मराठीतून करावा असे ठरल्यापासून आमच्या कार्यालयात इंग्रजी शब्दाला मराठी शब्द हवा असला की लोक माझ्याकडे येतात. त्याचा मला गर्व होता. म्हणून 'पेसमेकर' असे न लिहिता मी सुवाच्य अक्षरात लिहिले : 'अंगावर काही नाही, परंतु अंगात यंत्र आहे.'

खिडकीवर किसनराव नावाचे कारकून होते. त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि विचारले, "अंगात? कोन येते अंगात?" रांगेतली माणसे हसली. मी म्हणालो, येत नाही, आहे. त्यावर ते म्हणाले, "यंत्र हाय ना? मंग सोडून ठेवा इथं. पावती देतो ना, काहून घाबरून राहिले?" सुटत नाही म्हटल्यावर म्हणाले, "समदे असंच म्हनतात. मांत्रिकानं सांगितलं असन." टाक्यांची खूण दाखवली, तर लांबूनच पाहून ती डागल्याची आहे, असे ठरवले. मग लाल शाईने नोंद झाली : 'अंगात येते. छातीवर यंत्र (ताईत) बांधलेले. काढण्यास नकार. फोटो नाही.'

३. या नोंदीने मला जे झाले ते साहेबांनी समजून घ्यावे. मी १९५६ साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर घरातले गंडेदोरे, ताईत आणि माझ्या दंडात आईने लहानपणी बांधलेली चांदीची पेटीसुद्धा सोडून दिली. आई महिनाभर बोलली नाही. त्यानंतर वस्तीत कोणाच्या अंगात आले की समजूत घालायला मलाच बोलावतात. त्या माणसाच्या नावावर सरकारी शाईने ताईत लागला आहे. मला या वाक्याची लाज वाटते आणि रागही येतो, दोन्ही लिहून ठेवतो.

४. मुंबईचे इंग्रजी पत्र दाखवले असता मराठी भाषांतर मागण्यात आले. भाषांतर मीच केले. त्यातही यंत्र हाच शब्द आला, म्हणून तेही ताइताच्या बाजूने धरण्यात आले. पुढे रजा काढून अकोल्यास गेलो. तेथील डॉक्टरांनी आपल्या विभागाचा कागद वाचला आणि आधी अमरावतीची नोंद दुरुस्त करून आणा, असे सांगून परत पाठवले. मी कागद दाखवला नसता तर फोटो निघाला असता, असे घरची मंडळी म्हणतात. विचारल्यावर कागद लपवणे मला जमले नाही.

५. नोंद दुरुस्तीसाठी मी तीन अर्ज केले. पहिल्यास उत्तर आले की, नोंद अर्जदाराच्या स्वतःच्या लेखावरून घेतली असल्याने बदलता येत नाही. दुसऱ्यास उत्तर आले की, यंत्र काढून ठेवून विभागात समक्ष हजर व्हावे. ते काढल्यावर मला हजर होता येणार नाही, असे मी तिसऱ्या अर्जात नम्रपणे कळवले. त्यावर संदर्भीय पत्र आले, त्यातील मजकूर असा : 'यंत्र शरीराच्या आत असल्याचा पुरावा म्हणून अर्जदाराने छातीचा क्ष-किरण फोटो जोडावा. तोपर्यंत अंगात येण्याबाबत मनोविकार तज्ज्ञाकडून तपासणी करून घेऊन जरूर ते विजेचे उपचार घ्यावेत.'

हे पत्र मी कारकुनाच्या नजरेने तपासले. क्रमांक बरोबर, दिनांक बरोबर, विषय बरोबर, सही जागेवर. मी स्वतःही असे पत्र निर्धास्तपणे जावकला चढवले असते. फोटो हवा तर आधी फोटो द्या, आणि नसेल तर मुंबईने लेखी मनाई केलेली वीज अंगातून जाऊ द्या, एवढाच त्याचा अर्थ होतो. पत्राची एक प्रत आमच्या कार्यालयालाही पोचली. ती आवकमध्ये मीच नोंदवून घेतली.

६. माझी पत्नी केशरबाई रोज सकाळी घड्याळ समोर ठेवून माझी नाडी मोजते. जुलैपर्यंत सत्तर होती. पोळ्याच्या दिवशी सदुसष्ट भरली. पत्र आले त्या आठवड्यात पासष्ट. आज सकाळी त्रेसष्ट. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "रोज एक ठोका जाऊन राहिला, अन् तुमी अर्ज लिहून राहिले. त्या लोकायले म्हना, कागद सोडा, मले पाहा." ती शिकलेली नाही, परंतु तिचे ऐकून हा अर्ज टपालाने न पाठवता स्वतः घेऊन आलो आहे. मला भीती वाटते, साहेब. पायऱ्या चढताना आता डोळ्यांपुढे अंधारी येते.

७. एक गोष्ट मागच्या तीन अर्जांत लिहिली नव्हती. सत्तर ठोके होते तोवर ती लिहावी असे वाटले नाही. आपल्या विभागात तीनदा आणि अकोल्यास एकदा, असा चार वेळा मी सदरा काढून उभा राहिलो. यंत्र कातडीखाली वर आलेले नुसत्या डोळ्यांना दिसते. त्यावर बोट ठेवले तर कोणालाही कळेल की त्याला दोरा नाही, गाठ नाही, ते आतच आहे. अर्ध्या मिनिटाचे काम. चार वेळांत एकानेही बोट लावले नाही. अकोल्याचे मी सांगू शकत नाही. किसनरावांनी मात्र पहिल्या दिवशी माझे आडनाव वाचून गावात कोणत्या वस्तीत राहतो ते विचारले होते, आणि त्यानंतर माझा कागद हातात न घेता फळीवर ठेवायला सांगितला होता. मुंबईच्या डॉक्टरांचे हात माझ्या छातीच्या आत जाऊन आले. येथे कातडीवरही कोणाचा हात आला नाही.

सबब विनंती की, लाल शाईची नोंद राहायची असेल तर राहू द्यावी, मी त्याबद्दल पुन्हा लिहिणार नाही. साहेबांनी स्वतः एकदा माझ्या छातीला हात लावून पाहावा आणि जे हाताला लागेल तेवढे एका ओळीत लिहून फोटोचा हुकूम द्यावा.

कळावे, आणि लवकर कळावे.

आपला नम्र अर्जदार,
सूर्यभान जानराव खंडारे
अमरावती, दिनांक २२ सप्टेंबर १९६९

सोबत :
(१) मुंबईच्या डॉक्टरांचे पत्र, भाषांतरासह. भाषांतरात 'यंत्र' खोडून 'पेसमेकर' केले आहे.
(२) मागील तीन अर्जांच्या नकला.
(३) पत्र जा. क्र. ४१७ ची नक्कल.
(४) पुराव्यादाखल छातीचा फोटो : जोडता आला नाही. त्याऐवजी छाती, अर्जदारासह, आपल्या दाराबाहेरच्या बाकावर हजर आहे.