प्रेम, जेवणानंतर

८ जानेवारी

चि. बोकोबास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी कायम घाई, म्हणून लिहितेय. बाळंतपणाला मला बोलवायला सूनबाईचं मन धजत नाही, असं तू परवा म्हणालास. तिच्या बाजूनं बरोबरच आहे रे. लग्नात दोन दिवस पाहिलेली सासू. मला स्पॅनिश येत नाही, तिला मराठी येत नाही. ऐन कळांच्या वेळी खोलीत परकी बाई कशाला, असं मलाही वाटलं असतं. पण खरं सांगू? उभा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात दुसऱ्यांच्या लेकींचे हात धरण्यात गेला. आता माझ्याच सुनेच्या वेळी मी इथे हात बांधून बसायचं, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

तेव्हा मी स्पॅनिश शिकायला घेतलंय. मराठीतून स्पॅनिश अशी डिक्शनरी मिळाली नाही, म्हणून तुझ्या ताईने इंग्रजीतून स्पॅनिश आणून दिली. मला येतो तो इंग्रजी शब्द मी शोधते आणि त्याच्यासमोरचा उतरवून घेते. ताई म्हणते, आईचं डोकं फिरलंय. म्हणू दे.

सोबतची चिठ्ठी मी एकटीने लिहिली आहे, अख्खी स्पॅनिशमध्ये. तिला तशीच दे. मध्ये तुझं शहाणपण नको.

तिला जप, आणि स्वतःही वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई


२६ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण चिठ्ठी आधी मी वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. अगं, तुझं इंग्रजी सगळं वॉर्डातलं, त्यामुळे तुझं स्पॅनिशही वॉर्डातलंच झालंय. नव्या सुनेला पहिलंवहिलं पत्र, आणि त्यात काय, तर शौचाला साफ होते का? लघवीला जळजळ? पायाला सूज, दाबल्यावर खड्डा पडतो का? झोप किती? सगळ्यात शेवटी डिक्शनरीतून हुडकून काढलेला ‘प्रेम’ हा शब्द, आणि त्याच्यापुढे सवयीने, ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर’.

म्हटलं, जरा नीट करून मगच द्यावी. तेवढ्यात हिने हातातून ओढूनच घेतली. आधी पोट धरून हसली. मग एकदम उठून स्वयंपाकघरात जाऊन बसली. मला वाटलं, झालं, आता तुझं येणं बारगळलं. जाऊन बघतो तर रडत होती. हिची आई हिच्या शाळेच्या वयातच गेली, तुला ठाऊक आहे. म्हणाली, दवाखान्यातले विचारतात ते कागदावर खूण करायला. पोट साफ झालं का, असं घरच्या माणसाने विचारून किती वर्षं झाली.

तुझ्या प्रत्येक प्रश्नाला तिने उत्तर दिलंय. पायाला खड्डा पडत नाही, मी दाबून पाहिलं. शौचाला मात्र साफ होत नाही. आणि झोप येत नाही, कारण भीती वाटते. हे शेवटचं तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

तर आई, ये. हे ती म्हणतेय, मी नाही. फक्त एक विचारते आहे, बाळंतपणाच्या खोलीत तुला हाक काय मारायची? तिच्या भाषेतलं ‘आई’ तिच्या तोंडातून फुटत नाही. तिच्या आईनंतर तो शब्द तिने कुणासाठीच वापरलेला नाही. आणि डिक्शनरीतलं ‘सासू’ तिला कोरडं वाटतं. तूच काय ते कळव.

ताईला माझ्याकडून एक चिमटा. तुझी माया आहेच, ती तशीच राहो.

तुझा,
बोका


९ फेब्रुवारी

चि. बोका आणि चि. सूनबाई,
दोघांनाही पोटभर आशीर्वाद. बोक्या, हे तिला वाचून दाखव आणि एक ओळही गाळू नकोस.

तिकीट काढलं. हसा मेल्यांनो माझ्या औषधाला, पण मात्रा चुकवू नका. सूनबाई, सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी पी आणि रात्री मनुका भिजत घाल, पोटाचं ठीक होईल.

वॉर्डात हे प्रश्न मी किती जणींना विचारले असतील, त्याला गणती नाही. विचारायचं, लिहायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. एका पोरीचं पोट साफ झालं की नाही, हे कळायला पोस्टमनची वाट बघत मी दारात कधी उभी राहिले नव्हते. तुमचं पत्र वाचून मलाही रडू आलं. ताईने थट्टा न करता पाणी आणून दिलं, म्हणजे बघा.

भीती वाटणारच, बाळा. वाटत नाही म्हणणारी एक बाई मी आजवर पाहिली नाही. मी स्वतः नर्स, तरी या बोक्याच्या वेळी डॉक्टरीणबाईंच्या हाताला चावले होते. तुला चावावंसं वाटलं तर माझा हात आहे.

आता हाकेचं. तुझ्या आईचा शब्द तुझ्या आईचाच राहू दे, तो मला नको. मला आमचं मराठीतलं ‘आई’ म्हण. दोनच अक्षरं आहेत, बोका शिकवील. आणि कळांच्या भरात तेवढंही विसरलीस तरी काही बिघडत नाही. तुझी आई किंवा मी, दोघींपैकी कुणालाही हाक मार, ओ मीच देईन.

तुझी,
आई