कागदावरची गिरिजा

३ मार्च
मस्कतचा नकाशा उघडून बसले. मल्लिनाथ तिथून फोनवर म्हणाले, कंपनीनं दिलेल्या खोलीच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. समुद्र मी पाहिलेलाच नाही! लिंबोटीचं धरण पाहिलंय — त्याचा पलीकडचा काठ पुसून टाकायचा, की झाला समुद्र.
लग्नाच्या दाखल्यावर परदेशासाठीचा शिक्का बसला, की व्हिसा. मेअखेर गेले नाही तर कंपनी ती खोली दुसऱ्याला देणार.

७ मार्च
नांदेडला गेले. एजंट वकारभाईंनी दाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "ताई, कागदावर तर तुमच्या मिस्टरांची बायको दुसरीच हाय!"
पासपोर्टवर सुकन्या, दाखल्यावर गिरिजा. लग्नात मल्लिनाथांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, गिरिजा. ते ठरवलं आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी. घरात त्या मला त्याच नावानं हाक मारतात. ग्रामसेवकानं दाखल्यावर तेच चढवलं, मीही हौसेनं तशीच सही ठोकली. काय म्हणावं मला!

८ मार्च
दुपारभर ही गिरिजाच डोळ्यांपुढं. माझी मोरपंखी साडी नेसून मस्कतच्या वाळूवर चालतेय. चपला हातात. माझ्या नवऱ्याशी हसतेय. आणि मी इथं ज्वारी निवडतेय!
हेवा वाटला तिचा.

१२ मार्च
दाखला दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र लागतं — सुकन्या आणि गिरिजा एकच, असं सासरच्या माणसानं लिहून द्यायचं. हे ऐकून आत्याबाई उठून परसात गेल्या. जेवल्याही नाहीत. एका नावाचं एवढं काय! मनातून लई चिडले.

१८ मार्च
आत्याबाई लोह्याला तहसीलमध्ये आल्या. कागद लिहिणाऱ्यानं विचारलं, "नाव कशापायी बदललं व्हतं, मावशी?"
त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी लेक व्हती गिरिजा. सात वर्षांची गेली. घरात ते नाव परत ऐकू यावं वाटलं."
लग्नाला दोन वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नाही. मल्लिनाथांनीसुद्धा!
"लिवा," त्या म्हणाल्या, "सुकन्याच लिवा." सही केली. मला इतकी लाज वाटली, की गाडीत त्यांच्याकडं बघवेना.

२९ एप्रिल
शिक्का बसून दाखला आला. सुकन्या मल्लिनाथ. मल्लिनाथांना फोटो पाठवला. तिकडून नुसत्या समुद्राचे फोटो!

२ मे
सकाळी आत्याबाईंनी दोनदा हाक मारली, "सुकन्या!" मी ओ दिली नाही. चुलीपाशीच बसून राहिले.
थोड्या वेळानं, अगदी हळू — "गिरिजा?"
"आले, आई!"