लोखंडाच्या किसाची टाकी

८ मार्च १९६१
कुमुद गेली. अडीच महिन्यांची होती. ओठ निळे, नखं निळी. डॉक्टर म्हणाले, "विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आहे. वरच्या दुधात घातलेल्या पाण्यातून पोटात गेलं." तापात माझं दूध आटलं होतं, म्हणून वरचं!

९ मार्च
लिहवत नाही.

२ एप्रिल
हे हायस्कुलात विज्ञान शिकवतात. म्हणतात, गोठ्याचं नि संडासाचं पाणी वाळूतून विहिरीत झिरपतं, नायट्रेट तिथूनच. "लोखंडान तो मोडता गो! मी करून दाखवतंय."
सासूबाई म्हणाल्या, "आता करून काय? चेडू येतलां काय परत?"
हे न जेवताच उठले.

२१ मे
कुडाळच्या वर्कशॉपातून लेथवर पडलेला लोखंडाचा कीस आणला. चिऱ्यांची टाकी बांधून त्यात भरला. घरचं सगळं सांडपाणी आता त्यातून जातं, आणि पुढे विहिरीकडे न जाता पाटाने उतारावर. खालच्या घरचा लवू म्हणाला, "मास्तर, लोखंडाची आमटी करतास काय!"
शाळेला सुट्टी, हे दिवसभर टाकीपाशी उभे. चहा थंड होतो.

१८ जून
टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट नाही! शाळेतली परीक्षानळी हातात धरून हे ढसाढसा रडले. कुमुद गेली तेव्हा रडले नव्हते.
पाण्याला वास मात्र उग्र, नाकात चुरचुरतो. म्हणाले, "नायट्रेटाचो अमोनिया झालो. वाळू तो गिळतली."

७ सप्टेंबर
लवूच्या बायकोला, जानकीला, मुलगा झालाय. आज बारसं होतं, गेले नाही. पाय उचलेना.

१५ ऑक्टोबर
आज गेलेच. जानकीला दूध पुरत नाही, पावडरचं देते. मी म्हटलं, पाणी आमच्या विहिरीचं ने, ह्यांनी तपासलंय, आता त्यात नायट्रेट नाही. ती म्हणाली, "आमच्या विहिरीक काय झाला वयनी? गोडा पाणी आसा." बाळाने माझं बोट घट्ट धरलं. सोडवेना.

२६ ऑक्टोबर
जानकीचं बाळ निळं पडून गेलं. ह्यांनी त्यांच्या विहिरीचं पाणी तपासलं — नायट्रेट! "अमोनियाचो वाळूत परत नायट्रेट झालो. आमच्याच पाटाचा पाणी."
लवूला ठाऊक नाही. हे सांगायला निघालेत. मी बरोबर जाते.