फाटकाशी थांबलेले ठग

मु. लुइझियाना, अमेरिका
फेब्रुवारी १९२९

तीर्थस्वरूप सौ. सत्यवती वहिनीस अंबादासचा शिरसाष्टांग नमस्कार. (दादालाही. तो ऐकून राहिला असेल, पण न ऐकल्यासारखं करून.) तुमचा गुडघा कसा आहे? दादाचा खोकला आणि दादाचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. मी मजेत आहे. जबलपूरची आठवण अजिबात येत नाही. येते ती फक्त बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या खोव्याच्या जिलेबीची, अन् तीही फक्त जेवणाआधी आणि जेवणानंतर.

जहाजावरच्या भटारखान्यात तापानं पडलो, जहाज मला बंदरात सोडून गेलं, हे मागे कळवलंच होतं. आता मी आत खेड्यात, मादाम ओदिल नावाच्या म्हातारीच्या भातशेतीवर काम करून राहिलो. ही माणसं क्रेओल. म्हातारीची एक पणजी आफ्रिकेतली, एक फ्रान्सातली, एक इथलीच रानातली. म्हणून ती रागावते तीन मुलखांचं मिळून. शेजारचे गोरे काजुन. त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी कॅनडातून हाकललं होतं. (इंग्रज कुठं कुठं पुरून उरला आहे, वहिनी!) बोलतात सारे फ्रेंच. मला त्यातलं जेवण आणि शिव्या एवढं समजते, बाकीचं म्हातारीच्या हातवाऱ्यांवरून. इथं भेंडी पिकते हो! तिचं गुंबो करतात, म्हणजे दाट रस्सा. आधी पीठ चरबीत तांबूस होईस्तोवर ढवळायचं, तुम्ही लाडवाचं बेसन भाजता तस्सं. हात थांबला की म्हातारी पाठीत चमचा हाणते. तुम्ही निदान कानच धरत होत्या.

तर परवा काय झालं, म्हातारी ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती आणि मी भानुमतीला दाणे टाकून राहिलो होतो. (भानुमती म्हणजे कोंबडी. आपल्या भानुमती आत्यासारखी अंडं कमी, ओरडणं जास्त, म्हणून नाव ठेवलं.) इतक्यात घोड्यांच्या टापा! पाहतो तर वीसेक स्वार, तोंडावर जाळीचे मुखवटे, डोक्यावर शंकूसारख्या टोप्या, अंगात चिंध्यांचे झगे. पुढच्या म्होरक्याला मुखवटा नाही, पण एका हातात चाबूक आणि दुसऱ्या हातात, वहिनी, रुमाल! पांढरा. आता जबलपूरच्या पोराला रुमाल कशासाठी असतो ते काय सांगावं? आईनं मला प्रत्येक घास ठगांची भीती घालूनच भरवला. मी गळ्याभोवती म्हातारीचा वाळत घातलेला परकर गुंडाळला, म्हणजे फास बसू नये, भानुमतीला काखोटीला मारलं आणि झाडावर चढलो.

म्होरक्या फाटकाशी आला. फाटक सताड उघडं. तरी तो तिथंच थांबला, रुमाल हलवला आणि अदबीनं काहीतरी विचारलं. मी वरून जबलपुरी हिंदीत त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. त्यानं पुन्हा विचारलं. मी आठवी पिढी काढली. पण एकाही घोड्याचा खूर आत पडला नाही! असे कसे ठग, असं मनात येते न येते तोच एकानं मुखवटा काढला. आतून आल्सिद निघाला, म्हातारीचा पोरगा. रोज माझ्या शेजारी बसून अकॉर्डियन वाजवणारा! तेवढ्यात म्हातारी ओली टोपली घेऊन आली.

"काहून रे, पाहुणे दारात उभे अन् तू माझा परकर गळ्यात घालून झाडावर?"

मग कळलं, हा यांचा सण. उपासाचे दिवस लागायच्या आधी, आपल्या होळीच्या सुमाराला, सोंगं घेऊन घरोघरी गुंबोसाठी कोंबडी, तांदूळ मागत फिरायचं. धिंगाणा कितीही करा, पण घरच्यांनी "या" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. म्हातारी "या" म्हणाली आणि सारे आत शिरून गुडघ्यावर बसून मागण्याचं गाणं गायले. धिंगाण्याचं गाणं, पण चाल अशी, की मुलगी सासरी पाठवून राहिले. कोंबडी त्यांनी पळून धरायची अशी रीत, म्हणून भानुमतीला सोडावं लागलं. वीस जण चिखलात पालथे पडले तेव्हा कुठं सापडली. (मी नुसता रस्सा अन् भेंडी खाल्ली. दोनदा.)

संध्याकाळी घरातच नाच झाला. आल्सिदचं अकॉर्डियन, कोणी कपडे घासायच्या पत्र्यावर चमचे ओढून ताल धरला. पीठ मी भाजलं होतं. म्हातारी चाखून म्हणाली, "आईनं शिकवलं?" म्हटलं, वहिनीनं. मग म्हणाली, "बोलावते का ती तुला?" म्हटलं, दर टपालाला. म्हातारीनं माझ्या वाडग्यात अजून एक पळी वाढली. रस्सा तिखट होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. दुसरं काही नाही.

मुन्नीला पापा. दादाला पुन्हा नमस्कार.

तुमचा,
अंबादास

ता.क. हे पत्र भानुमती आत्याला वाचून दाखवू नका.

ता.क. दुसरं. जिलेबी पाठवू नका, समुद्रात आंबेल.

ता.क. तिसरं. स्टेशनावर दादा म्हणाला होता, बोलावल्याशिवाय उंबऱ्यात पाय ठेवू नको. मी ऐकून राहिलो जी. जहाजावर भटारखान्याचं काम केव्हाही मिळते, फाटकही उघडं असेल, पण तेवढ्यानं होत नाही. तो लिहिणार नाही, तुम्ही लिहा. फक्त "ये". तिसरी नापास आहे, तरी तेवढं मला वाचता येते.